तेरावा घाव

सकाळी दहाला नवजात कक्षातल्या गोधड्या उन्हाला दाखवायच्या, हा शालन घरतचा नेम होता. गोधड्या कसल्या, तळहाताएवढे तुकडेच ते. पण वरून मऊ सुती कापड आणि आत केसासारख्या बारीक हवेच्या नळ्यांच्या ओळी, जशी धावदोऱ्याची शिवण. कंपनीने ठेवलेलं लांबलचक नाव सगळ्या विसरून गेल्या होत्या. खाडीकाठच्या त्या रुग्णालयात सगळ्याजणी तिला श्वासगोधडीच म्हणत.

पूर्ण दिवस न भरता आलेल्या बाळांची दोन दुखणी. एक, फुप्फुसातले इवले फुगे आतून चिकटून बसतात. त्यांना आतून लागणारं वंगण नळीने घातलं, नाकावाटे थोड्या दाबाने हवा दिली, की ते उघडतात. दुसरं दुखणं जास्त हट्टी. बाळ श्वास घ्यायचंच विसरतं. मेंदू अजून कोवळा असतो, त्याला या कामाची सवय नसते. मग पूर्वी काय, तर पायाच्या तळव्याला टिचकी मारायची आणि बाळाला आठवण करून द्यायची, बाबा रे, घे. शालनच्या तीस वर्षांच्या नोकरीतली निम्मी वर्षं टिचक्या मारण्यात गेली होती.

गोधडी आली आणि बोटं मोकळी झाली. आईने चाळीस मिनिटं छातीला एक पट्टा बांधून निवांत बसायचं. पट्टा तिच्या श्वासाची चाल शिकतो, गोधडीला शिकवतो. मग गोधडी बाळाच्या पाठीखाली तांदळाच्या दाण्याएवढी फुगते आणि बसते. वेग बाळाचा, चाल आईची. दोन दिवसांत बाळ त्या चालीवर चालू लागतं.

त्या मंगळवारी शालन गोधड्या झटकत असताना पाच नंबरच्या काचपेटीची घंटा वाजली.

पाच नंबर म्हणजे सानिका ठाकूरची मुलगी. अठ्ठावीस आठवड्यांची, वजन एक किलोला कमी. शालन धावली. बाळ निळसर पडत चाललं होतं, पण चेहऱ्यावर धडपड नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, कपाळाला बारीकशी आठी, जणू कुणाचं बोलणं संपायची वाट बघतंय. शालनने टिचकी मारली. बाळाने श्वास घेतला.

"कालपासून असे झटके अकरा वेळा, आणि आता तर लागोपाठ," मागून डॉ. मुग्धा रेगे म्हणाल्या. वयाने शालनच्या मुलीएवढ्या, पण कक्षाचा सगळा भार त्यांच्यावर. "औषध वाढवून झालं. आता घशात नळी घालून यंत्रावर घ्यावं लागेल, सिस्टर."

"या फुप्फुसांना यंत्र सोसेल?"

"नाही सोसणार बहुतेक." रेगे पडद्याकडे बघत राहिल्या. "म्हणून तर उभी आहे ना मी इथं नुसती."

पडद्यावर बाळाच्या श्वासाची रेघ सरकत होती. शालनने सवयीने मोजलं. एक, दोन, तीन... बारा. मग सपाट. पंधरा सेकंद, अठरा, वीस. घंटा, टिचकी. पुन्हा एक, दोन... बारा. सपाट.

"विसरणारं बाळ मोजून नाही विसरत, डॉक्टर," ती म्हणाली. आणि तिने पट्ट्याची जुनी नोंद उघडली. कारण सानिकाच्या पट्ट्यावरची चाल तपासून "योग्य" असा शिक्का तिनेच मारला होता. त्यातले लांब थांबे तिने पाहिले होते. पाहिले, आणि काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. उलट किती ओळखीची, किती सुबक चाल, असंच मनात आलं होतं.

सानिका मातांच्या खोलीत खिडकीशी बसली होती. सव्वीस वर्षांची, दंड भरलेले, हाताचे तळवे कडक.

"सानिका, पट्टा बांधून बसलीस तेव्हा काय करत होतीस गो?"

"काय करनार? तुमीच बोललाव ना, मनाला बरं वाटंल असा इचार कर."

"मग कसला केलास?"

ती थोडी लाजली. "कांडत होते."

"मनात?"

"मनातच. हितं काय उखळ हाय का तुमच्याकं?"

शालन खाटेवर बसली. ती स्वतः याच खाडीपट्ट्यातली. शाळा सुटल्यावर आईबरोबर मसाला कांडायला जायची. मोठं लाकडी उखळ, माणसाच्या उंचीची दोन मुसळं, भाजलेल्या मिरच्या. एकीने बारा घाव घालायचे, दर घावाला तोंडातून "हूं" काढायचा. तेवढ्यात दुसरीने वाकून कडेचा मसाला काठीने आत लोटायचा. वाकताना मात्र श्वास कोंडून धरायचा. मिरचीचा खकाणा असा उठतो की एक श्वास घेतला तर दिवसभर ठसका. बारा घाव झाले, की घालणारी एक लांब "हूंऽ" देते. तो ऐकला की वाकलेलीने उभं राहायचं, श्वास घ्यायचा आणि आपला फेरा सुरू करायचा.

कुण्या मैदानी गावच्या सिस्टरने ती रेघ बघितली असती तर लगेच विचारलं असतं, की ही बाई मधेच श्वास का धरते? शालनच्या अंगातच ती चाल मुरलेली. तिला प्रश्न पडलाच नाही.

"तुझी पोर उखळावर वाकलीय," ती हळूच म्हणाली. "बारा घाव घालते आणि वाकते. आणि समोरून हूं येत नाही."

सानिकाचा चेहरा उतरला. "कुठून येल? निर्मलाताई नाय ना आता."

निर्मला तिची थोरली जाऊ. सात वर्षं दोघींचं एक उखळ. निर्मलाला मूल नव्हतं. खकाण्याने तिची छाती खाल्ली होती. सानिकाच्या बाळंतपणाच्या तीन आठवडे आधी ती गेली. सानिकाने तेव्हापासून मुसळाला हात लावलेला नव्हता.

"पोटात होती ना ही, तवा ताई पोटाला कान लावून बोलायची," सानिका म्हणाली, "लवकर ये गो भवाने, तुझ्या आयशीच्या घावात जोर नाय उरला. मी बोलायची, तुमच्यात तरी कुटं हाय? तर गानं म्हनायची." आणि तिने ते नुसतं बोलून दाखवलं, गाऊन नाही:

माझं गो खालती, तुझं गो वरती,
श्वास तुझ्या हाती, ठेवला मी.

शालनने डॉक्टरांपुढे आपली चूक सांगितली. रेगे रागावल्या नाहीत. त्यांनी दोन वेळा "बारा" असं स्वतःशीच म्हटलं आणि लगेच कामाला लागल्या. गोधडी बंद केली, तरी बाळाची चाल तीच राहिली. ती शिकून झाली होती. मग सानिकाला पुन्हा पट्टा बांधला. समुद्राचा विचार कर, झोपेचा कर, कशाचाच करू नकोस. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटं सरळ जायची आणि मग शरीर आपल्या वाटेने वळायचं. बारा, आणि थांबा.

दिवसभर शालन पाच नंबरपाशी उभी राहिली. टिचकीऐवजी तिने एक करून पाहिलं. बाळ थांबलं, की मनात बारा मोजायचे आणि काचपेटीच्या भोकातून हळूच लांब "हूंऽ" द्यायचा. बाळ श्वास घ्यायचं. दर वेळी. पण माणूस किती वेळ हूं देत राहणार? संध्याकाळी पाळी बदलताना तिने पुढच्या सिस्टरला तो शिकवला. ती आधी हसली, मग हसायची थांबली.

बुधवारी शालन आली तेव्हा रेगे दारातच भेटल्या. चेहरा उजळलेला.

"पाच नंबरची घंटा पहाटेपासून वाजलेली नाही. थांबते, पण चौदाच सेकंद. घंटेच्या वीस सेकंदांपर्यंत जातच नाही. आपोआप सुरू होते."

"आपोआप?"

"कुणी हूं दिलेला नाही. मी विचारलं सगळ्यांना."

शालन बाळापाशी गेली. बारा श्वास. थांबा. कपाळावरची आठी. आणि मग काहीही न होता, कुणीही न बोलता, आठी उलगडली आणि बाळ पुन्हा सुरू झालं. चांगलंच होतं. पण शालनच्या मानेवर काटा आला. ओठ मिटून बाळ काहीतरी ऐकत होतं, आणि ऐकून झाल्यावरच श्वास घेत होतं.

कक्षात दुपारसारखी शांतता होती. हवेच्या नळ्यांची बुडबुड तेवढी. त्या बुडबुडीआड शालनने कान लावला, कांडणाऱ्या बायका एकमेकींचा घाव ऐकतात तसा. पाच नंबर थांबलं की श्वासाचा आवाज बंद व्हायला हवा होता. झाला नाही. तो फक्त दोन हात उजवीकडे सरकला.

सहा नंबर म्हणजे अर्पिता जोगळेकरांचा मुलगा. कॉलेजात गणित शिकवणारी आई. मुसळ तिने चित्रात पाहिलं असलं तर असेल. मुलगा छान वाढत होता, शुक्रवारी घरी जायचा होता. शालनने त्याच्या पोटाकडे पाहिलं आणि मोजलं. बारा. मग तो थांबला, आणि पाच नंबर सुरू झालं.

तिने दोन्ही रेघा एकाच पडद्यावर एकाखाली एक लावल्या. जिथे एक सपाट, तिथे दुसरी डोंगरासारखी. दोन्ही मिळून एकही जागा रिकामी नाही.

रेगेंनी पेट्यांखाली वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "दोन्ही पेट्या एकाच लोखंडी पट्टीवर आहेत. गोधड्यांचा, श्वासांचा थरथराट पट्टीतून जातो. एका भिंतीवरची दोन लंबकाची घड्याळं हळूहळू एकमेकांना धरून चालायला लागतात, तसं झालं असेल."

"असेल," शालन म्हणाली.

तेवढ्यात सानिका दूध घेऊन आली. पोरीकडे जाता जाता ती सहा नंबरपाशी थबकली. वाटी तिच्या हातात तिरकी झाली.

"सानिका? दूध सांडतंय."

"गप ऱ्हावा जरा." तिने डोळे मिटले. मुलाचे बारा श्वास झाले. शेवटच्यानंतर त्याने दोन तुटके, अर्धवट श्वास घेतले, एकावर एक, आणि मग बारीक शीळ वाजावी तसा लांब सोडला.

"ताई," सानिका म्हणाली. शालनला नाही म्हणाली. "ह्यो निर्मलाताईचा दम हाय. हूं द्यायच्या आधी तिला दोन तुकडे लागायचे. छाती भरायचीच नाय तिची. सात वर्सं ऐकलाय मी, वाकून, डोळं मिटून. मी चुकन काय?"

"कोवळ्या बाळांत असे तुटक श्वास दिसतात," रेगे म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता. "योगायोग आहे."

खात्री करायची म्हणून त्यांनी दुपारी सहा नंबरची पेटी शेजारच्या खोलीत नेली. दारात शालन उभी राहिली, दोन्हीकडे दिसेल अशी. पोरीने बारा घातले आणि वाकली. चौदा सेकंद. अठरा. इकडे मुलगाही ओठ मिटून थांबलेला. दोघांच्या कपाळावर तीच आठी. वीस. दोन्ही खोल्यांतल्या घंटा एकदम वाजल्या.

"आणा परत," रेगे म्हणाल्या. पेटी पट्टीवर टेकली मात्र, मुलाने आधी श्वास घेतला. मग तिने.

आता गोष्ट साधी आणि भयंकर होती. मुलगा मोठा होता. त्याला चार-दोन घंटा वाजल्या तरी तो सावरला असता, आणि त्याच्या आईने घरी पाळणासुद्धा बांधून ठेवला होता. पण शुक्रवारी तो गेला, की पाच नंबर वाकलेली राहणार. तिला एकटीने श्वास घ्यायला शिकायला हवं होतं. आणि शिकवणार कोण, तर सानिका. जी स्वतः एकटीने घेत नव्हती.

"एकटीनं कांडायचं," शालनने तिला सांगितलं. "खरं, हाताने. बारावर थांबायचं नाही. तेरावा घाव तूच घालायचा."

"नाय."

"पोर जाईल, सानिका."

"तुमाला समजत नाय सिस्टर." तिचा आवाज चिरका झाला. "ती आलीय. जीव तोडून आलीय ती, त्या लेकराच्या छातीत बसून माझ्या पोरीला हूं देते. मरताना मी तिच्याजवळ नव्हते, पोटुशी म्हनून जाऊ दिलं नाय मला. आता आलीय तर मीच तिला सांगू, की तुझा फेरा संपला, मी दोन्ही घालते, तू जा?"

शालनने सानिकाचा कडक तळवा हातात घेतला आणि अंगठ्याने नुसता चोळत राहिली.

मग सानिका म्हणाली, "तिच्या फेऱ्याला कधी ठसका लागला ना, तर मी वाकलेलीच ऱ्हायची. श्वास धरून. डोळ्यांपुढं काजवे यायचे. तर ताई मुसळाच्या टोकानं ढोसायची मला. बोलायची, मी नाय दिला हूं तर मरशील का गो येडे? घे की आपला आपन."

"मग?"

"मग काय." तिने नाक पुसलं. "आना तुमचं उखळ."

उखळ नव्हतं. उपाहारगृहातला पितळी खलबत्ता मिळाला. ओल्या बाळंतिणीला तोच बरा. मिरची शालनने मुद्दामच घेतली नाही, धणे घेतले. धण्यांचा खकाणा उठत नाही, श्वास धरायला कारण उरत नाही. मागच्या अंगणात, बदामाच्या सावलीत सानिका बसली. छातीला पट्टा. समोरची जागा रिकामी. तिने ती जागा आधी हाताने झाडली, मग बसल्या बसल्या जरा सरकून आणखी मोकळी केली.

हूं. हूं. हूं. धण्यांचा वास पसरला. बारावा घाव पडला आणि तिचं अंग पुढे झुकलं, ओठ मिटले. सानिका तशीच झुकलेली, गळ्याची शीर फुगलेली, डोळ्यांतून पाणी धण्यांत पडतंय. कितीतरी वेळ. शेवटी तिने तोंड उघडून असा श्वास ओढला, जसा पाण्याखालून वर आलेला माणूस ओढतो, आणि बत्ता हाणला.

तेरा.

चौदाव्याला ती रडत होती, विसाव्यालाही. पण थांबली नाही. चाळीस मिनिटं ती कांडत राहिली. धण्यांचं पीठ होऊन गेलं.

नवी चाल गोधडीत भरली. रात्रभर बाळाने ती मानली नाही. गुरुवारी दुपारी, शालन बघत असताना, बारा झाले, आठी आली, आणि पाठीखालची गोधडी न थांबता फुगली. बाळ गोंधळल्यासारखं झालं. मग त्याने तेरावा श्वास घेतला. छोटासा. अर्धाच. पुढचा पुरा.

शेजारी मुलगा त्याच वेळी आपला फेरा घालत होता. दोघांचे श्वास एकमेकांवर आपटले, चुकलेल्या मुसळांसारखे. मुलगा थांबला. सोळा सेकंद, अठरा. शालनचं बोट उचललं गेलं. एकोणिसाव्या सेकंदाला त्याने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, दोन तुटके श्वास घेतले, आणि मग इतर कुठल्याही बाळासारखा, कुणालाही न विचारता, श्वास घेत राहिला.

शुक्रवारी अर्पिता जोगळेकर त्याला घेऊन गेल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. काय सांगणार? सानिकाने मात्र दारापर्यंत जाऊन त्या मुलाची दृष्ट काढली, आणि त्याच्या आईने आश्चर्याने तिला तेवढं करू दिलं.

तीन महिन्यांनी सानिका पोरीला तपासणीला घेऊन आली. साडेतीन किलोची, गुबगुबीत, आईच्या छातीला बांधलेली. फुप्फुसं स्वच्छ. रेगेंनी कान लावून पुरी दोन मिनिटं ऐकलं आणि हसल्या. "एक खाडा नाही."

शालन चहा सांगायला उठत होती, तेवढ्यात फोन वाजला. पडद्यावर अर्पिता.

"सिस्टर, तब्येतीला छान आहे तो, काळजीचं नाही. पण एक विचारायचं होतं. दुपारी चारच्या सुमाराला हा खेळता खेळता अचानक गप्प होतो. असा... ओठ मिटून. आधी मी घाबरले. आता मोजते. मोजायची खोडच आहे मला. मग जोरजोरात श्वास घेतो, बरोबर बारा, शेवटी एक लांब आवाज काढतो, आणि माझ्याकडे बघतच नाही हो. समोर बघतो. जणू समोर कुणी आहे आणि आता तिनं काहीतरी करायचंय. आत्ताच चाललंय, बघा."

तिने फोन बाळाजवळ नेला. शालनने आवाज मोठा केला. फोनमधून श्वास ऐकू येऊ लागले, मजबूत, एकसारखे. शालनने मोजले. रेगेंनीही, ओठ न हलवता. दहा. अकरा. बारा. मग दोन तुकडे, एकावर एक. बारीक शीळ.

"हूंऽ," मुलाने दिला.

आणि शांतता. वाट बघणारी.

सानिका उभी राहिली होती. तिचे ओठ उघडले होते, छाती भरली होती, पहिला घाव घालायच्या आधी भरते तशी. आणि त्याच छातीवर, झोपेतल्या पोरीच्या कपाळावर हळूहळू एक आठी उमटत होती. तिचा श्वास थांबला होता.

फोनमधली शांतता लांबत चालली. सानिकाने वर शालनकडे पाहिलं. त्या नजरेत एकच प्रश्न होता, आणि तीस वर्षांत शालनला कुणी इतका अवघड प्रश्न विचारला नव्हता: हा फेरा मी घेऊ, की पोरीला श्वास तिचा तिला घेऊ देऊ?